विश्लेषण : गर्भवतींच्या रक्तात नेमके काय कमी? मुंबईत हे कोडे सोडवणाऱ्या डॉ. लुसी विल्स यांचे काम आजही महत्त्वाचे का?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. वर्षातले बहुतेक महिने लख्ख ऊन असते. तरीही अशा शहरातल्या गर्भवतीच्या हाती जीवनसत्त्व ‘ड’ कमी असल्याचा अहवाल पडू शकतो. देशाच्या अनेक भागांतील अभ्यासांत गर्भवतींमध्ये ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. अलीकडे संशोधक त्यापुढचा प्रश्न विचारत आहेत. गर्भधारणेच्या पहिल्या आठवड्यांत या जीवनसत्त्वाची पातळी आणि गर्भ टिकवणारी वारेतील संप्रेरके यांचा काही संबंध आहे का?

रक्तात एखादी गोष्ट कमी दिसली, म्हणजे आजाराचे कारण सापडले असे होते का? जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुंबईत याच प्रकारच्या प्रश्नाला डॉ. लुसी विल्स भिडल्या होत्या. त्यांच्या कामातून पुढे फॉलिक ॲसिड जगाला मिळाले. संशयापासून पुराव्यापर्यंत त्या कशा पोहोचल्या, हे आजचा अहवाल वाचतानाही उपयोगी पडते.

लुसी विल्स कोण होत्या?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड या गावी झाला. घरची परिस्थिती चांगली होती. कुटुंबाचा धारदार हत्यारे बनवण्याचा व्यवसाय होता. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामवंत डॉक्टर. त्या काळात मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या. लुसी यांना चेल्टनहॅम येथील तशा शाळेत घालण्यात आले.

१९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश घेतला. हे स्त्रियांचे कॉलेज. तिथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये शिक्षण पूर्ण केले. पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पण पदवी देत नसे. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडले. तोपर्यंत विल्स निवृत्तही झाल्या होत्या.

वनस्पतींचा अभ्यास करणारी तरुणी डॉक्टर कशी झाली?

१९११ मध्येच वडील वारले. १९१३ मध्ये थोरली बहीण एडिथ अवघ्या २६ व्या वर्षी गेली. त्यानंतर लुसी आईसोबत सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आल्या. १९१४ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या. न्यूनहॅममधील त्यांची मैत्रीण मार्गारेट ह्यूम तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत होती.

त्या तिथे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. विल्स यांनी केपटाऊनच्या रुग्णालयात काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. मुंबईच्या डॉ. रखमाबाई याच महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या होत्या. विल्स १९२० मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ होते.

मैत्रीण मार्गारेट ह्यूमही पुढे आहारशास्त्राकडे वळल्या. पहिल्या महायुद्धानंतर हॅरिएट चिक यांच्या पथकासोबत त्यांनी व्हिएन्नात मुडदूस झालेल्या बाळांवर काम केले. कॉड माशाच्या यकृताचे तेल किंवा सूर्यप्रकाश यांनी मुडदूस बरा होतो, हे या पथकाने दाखवून दिले. जीवनसत्त्व ‘ड’च्या इतिहासातील हा मोठा टप्पा. म्हणजे एक मैत्रीण बाळांच्या हाडांचे कोडे सोडवत होती, तर दुसरी पुढे गर्भवतींच्या रक्ताचे कोडे सोडवणार होती.

विल्स यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्यांनी संशोधन आणि अध्यापनाची वाट धरली. गर्भारपणात शरीरात कोणते रासायनिक बदल होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या काळी या विषयाकडे फारसे कोणी वळत नसे.

त्यांना मुंबईला का यावे लागले?

१९२० च्या दशकात भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यात एक विशिष्ट आजार डॉक्टरांना बुचकळ्यात टाकत होता. गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्री पांढरीफटक पडे, धाप लागे, पाय सुजत. बाळंतपणात किंवा लगेच नंतर ती दगावे. तिच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी असत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत.

ही मोठ्या पेशींची खूण महत्त्वाची होती. शरीरात लोह कमी झाले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटे चित्र होते. म्हणजे हा नेहमीचा रक्तक्षय नव्हता.

भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बालफोर यांनी या आजाराकडे लक्ष वेधले. भारतीय संशोधन निधी संघटनेने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. त्या कामासाठी १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या. त्यांचे केंद्र होते परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या लशीमुळे ही संस्था मराठी घरांत आधीच माहीत झालेली होती.

परळ म्हणजे गिरणगावाचा मध्य. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. त्याच वर्षी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी यासाठीच्या विधेयकाची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला. सोलापूर तेव्हा याच इलाख्यात होते आणि इथल्या कापड गिरण्यांतही स्त्रिया राबत होत्या. कष्टकरी गर्भवतीची तब्येत हा विषय अशा रीतीने एकाच वेळी विधिमंडळात आणि प्रयोगशाळेत पोहोचला होता.

शोधाची सुरुवात कुठून झाली?

विल्स यांनी सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून केली, पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. आजारी स्त्रिया कुठे राहतात, काय खातात, घरात किती उजेड आणि हवा आहे, हे त्यांनी पाहायचे ठरवले. मेहता आणि तळपदे हे त्यांचे इथले सहकारी. मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांच्या पाहणीचा अहवाल विल्स आणि तळपदे यांच्या नावाने १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा जंतूंचा संशय मोठा होता. आतड्यात एखादा जंतू वाढून त्याच्या विषाने रक्त बिघडत असावे, असे अनेक डॉक्टरांना वाटे. विल्स यांनी ती शक्यता तपासली. आजारी स्त्रियांमध्ये असा जंतू कारणीभूत असल्याचा पुरावा मिळाला नाही.

आहाराच्या पाहणीतून मात्र एक धागा हाती लागला. वेगवेगळ्या समाजांतील आणि आर्थिक थरांतील स्त्रियांच्या ताटात मोठा फरक होता. ज्या स्त्रियांच्या जेवणात भाज्या, फळे आणि प्रथिने सर्वांत कमी, त्यांच्यात हा रक्तक्षय जास्त आढळला. मुंबईतील गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि आजारही त्यांच्यातच अधिक होता.

इथे थांबून निष्कर्ष काढणे सोपे होते. विल्स यांनी तसे केले नाही. गरीब स्त्रीच्या आयुष्यात एकच गोष्ट कमी नसते. अन्न कमी, विश्रांती कमी, सूर्यप्रकाश कमी, लागोपाठ बाळंतपणे, वारंवार जंतुसंसर्ग. यातले नेमके कोणते कारण रक्त बिघडवते, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोग हवा होता.

उंदीर, माकड आणि मार्माइट यांचा काय संबंध?

पहिले प्रयोग पांढऱ्या उंदरांवर झाले. त्यांना आजारी स्त्रियांच्या जेवणासारखा आहार देण्यात आला. गाभण उंदरांमध्ये रक्तक्षय दिसला आणि अनेक पिल्ले होण्याआधीच मेले. आहारात यीस्ट मिसळले की रक्तक्षय टळत असे. कोडे सुटले, असे वाटावे अशीच ही स्थिती होती.

पण उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमुळे पसरणारा संसर्गही त्यांचे रक्त बिघडवत होता. त्यामुळे रक्तक्षय आहारामुळे की संसर्गामुळे, हे खात्रीने सांगता येईना. हाती आलेला निष्कर्ष पुन्हा शंकेच्या घेऱ्यात गेला.

विल्स यांनी प्रयोग नव्याने मांडला. या वेळी माकडे निवडली. तसाच निकृष्ट आहार दिल्यावर माकडांनाही मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. हे काम बिलिमोरिया या सहकाऱ्यासोबत १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळात त्यांनी मुंबईबरोबरच कुन्नूरची पाश्चर संस्था आणि मद्रासमधील स्त्रियांचे रुग्णालय येथेही काम केले.

प्रयोगांतील एका माकडाची अवस्था फार खालावली होती. शेवटचा उपाय म्हणून त्याला मार्माइट देण्यात आले आणि ते झपाट्याने सुधारले. मार्माइट म्हणजे बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क. काळपट, चिकट, खारट. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खात. 

तोपर्यंत अशा रक्तक्षयावर यकृताचा अर्क हा उपाय माहीत झाला होता. पण तो महाग होता. चाळीत राहणाऱ्या स्त्रीला तो परवडणे शक्य नव्हते. मार्माइट स्वस्त होते. विल्स यांनी ते आजारी गर्भवतींना दिले. स्त्रियांची भूक परतली, अशक्तपणा कमी झाला आणि रक्तातील पेशींची संख्या वाढू लागली. याचा अहवाल १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

‘विल्स घटक’ म्हणजे काय?

यीस्टमध्ये नेमके कोणते द्रव्य हा गुण देते, हे १९३१ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्याला विल्स घटक असे नाव पडले.

पुढे विल्स यांनी आणखी एक बारीक फरक टिपला. यकृताचा कच्चा अर्क या स्त्रियांना बरा करी. मात्र तोच अर्क अधिक शुद्ध केला की त्याचा उपयोग होत नसे. उलट दुसऱ्या एका गंभीर रक्तक्षयावर तो शुद्ध अर्क चांगला लागू पडे. याचा अर्थ दोन आजार दिसायला सारखे असले तरी त्यांत कमी पडणारे द्रव्य वेगळे होते. त्यातले एक आज फोलेट म्हणून ओळखले जाते, तर दुसरे ब-१२.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळाले. १९४० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या पथकाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले होते. विल्स घटक म्हणजे हेच द्रव्य, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

फोलेटचे काम समजायला सोपे आहे. पेशी दुभंगून नवी पेशी तयार होताना डीएनएची नवी प्रत लागते. ती तयार करायला फोलेट हवे. ते कमी पडले की पेशी वाढत जाते, पण वेळेवर दुभंगत नाही. म्हणून तांबड्या पेशी मोठ्या आणि कमी दिसतात. गर्भारपणात बाळ, वार आणि आईचे वाढते रक्त या सगळ्यांना एकाच वेळी फोलेट लागते. ताटात भाजी आणि डाळ नसेल तर हा तुटवडा आईच्या रक्तात उमटतो.

नंतरच्या काळात त्यांनी काय केले?

१९३३ पासून विल्स लंडनला पूर्णवेळ काम करू लागल्या. १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. या वेळी प्रवासाचा मोठा भाग त्यांनी विमानाने केला. तेव्हाचा तो प्रवास अनेक थांबे घेत काही दिवस चाले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लंडनमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केले. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनीचा उडता बॉम्ब पडला आणि काही जणांचा मृत्यू झाला. पॅथॉलॉजी विभागाचे काम काही दिवस विस्कळीत झाले आणि पुन्हा सुरूही झाले.

याच काळात गर्भवतींना सरसकट लोहाच्या गोळ्या द्याव्यात का, या प्रश्नावर त्यांनी सहकाऱ्यांसोबत अभ्यास केला. काही स्त्रियांना लोहाच्या गोळ्या आणि काहींना औषध नसलेल्या गोळ्या देऊन तुलना करण्यात आली. आज ही पद्धत सर्वमान्य आहे. तेव्हा ती नवी होती.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षयाचे काम चालू ठेवले. आयुष्याच्या अखेरच्या दहा वर्षांत त्या लंडनमधील चेल्सी भागाच्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढणे आणि बर्फावर स्कीइंग करणे त्यांना आवडे. मोठे डॉक्टर मोटारीतून येत, तेव्हा विल्स सायकलवरून कामाला येत. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर काय उलगडले?

फोलेटचा संबंध फक्त आईच्या रक्ताशी नाही, हे विल्स यांच्या निधनानंतर पुढे आले. १९६५ मध्ये इंग्लंडमधील हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी आईतील फोलेटची कमतरता आणि बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतील जन्मजात दोष यांचा संबंध असावा, असे मांडले. हा तेव्हा संशय होता. त्यावर बराच वाद झाला.

उत्तर मिळायला २६ वर्षे लागली. १९९१ मध्ये सात देशांतील ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष आला. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तर पुढच्या बाळातील धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवण्यात आली.

बाळाच्या पाठीच्या कण्यातील नलिका गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते. त्या वेळी अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायला सांगतात.

जीवनसत्त्व ‘ड’ आणि वारेतील संप्रेरकांचा प्रश्न काय आहे?

गर्भ रुजल्यावर त्याच्याभोवतीच्या पेशींपासून वार तयार होऊ लागते. या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक सोडतात. घरी लघवीच्या पट्टीवर गर्भधारणा कळते, ती याच संप्रेरकामुळे. एचसीजी अंडाशयाला प्रोजेस्टेरॉन तयार करत राहण्याचा निरोप देते. प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचे अस्तर टिकते. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम वार स्वतःकडे घेते. पुढे इस्ट्रोजेन आणि इतर संप्रेरकेही तीच तयार करते.

जीवनसत्त्व ‘ड’ इथे कुठे येते? शरीरात सक्रिय झाल्यावर ते स्वतःच संप्रेरकासारखे वागते. वारेच्या पेशींत ते सक्रिय करणारी यंत्रणा आहे आणि त्याला प्रतिसाद देणारी ग्राहकस्थानेही आहेत. आईच्या रक्तात त्याचे सक्रिय रूप गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीतच बरेच वाढते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या वारेच्या पेशींवर ते टाकल्यावर संप्रेरकांच्या निर्मितीत बदल दिसला आहे. त्यामुळे संबंध असू शकतो, या म्हणण्याला आधार आहे.

मात्र प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे गर्भवती स्त्री नव्हे. रक्तात ‘ड’ कमी असलेल्या स्त्रीचे वजन, आहार, घराबाहेर घालवलेला वेळ, आर्थिक स्थिती यांतही फरक असतो. विल्स यांना मुंबईच्या पाहणीत हीच अडचण आली होती. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ‘ड’च्या गोळीमुळे वारेतील संप्रेरके सुधारून गर्भ टिकतो, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा आज नाही.

याचा अर्थ जीवनसत्त्व ‘ड’ बिनमहत्त्वाचे आहे असा नाही. १९२० च्या दशकात मुंबई इलाख्यातील डॉक्टरांनी पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या बाळांमध्ये हाडे मऊ पडण्याचे आजार नोंदवले होते. सूर्यप्रकाश न मिळणे हे त्यामागचे मोठे कारण होते. हाडांसाठी ‘ड’ची गरज पूर्णपणे सिद्ध झालेली आहे.

उन्हाच्या शहरात ‘ड’ कमी कसे पडते?

ऊन शहरावर पडून उपयोग नाही, ते त्वचेवर पडावे लागते. सूर्यकिरणांतील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते. हे किरण खिडकीच्या काचेतून फारसे आत येत नाहीत. सकाळी लवकर आणि संध्याकाळी ते क्षीण असतात. सावळ्या त्वचेला तेवढ्याच ‘ड’साठी जास्त वेळ लागतो.

सोलापुरात घरात बसून विड्या वळणाऱ्या, यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा शिलाई यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवस छपराखाली जातो. बाहेर पडताना अंग झाकलेले असते आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे धोक्याचेही असते. अन्नातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते. त्यामुळे बाहेर ४२ अंश असतानाही अहवालात आकडा २० नॅनोग्रॅमच्या खाली येऊ शकतो.

गर्भवतींनी काय लक्षात घ्यावे?

पहिली गोष्ट फॉलिक ॲसिडची. गर्भधारणेचा विचार सुरू झाल्यापासून पहिली तिमाही संपेपर्यंत दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असे सरकारी मार्गदर्शन आहे. दुसऱ्या तिमाहीपासून लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्रित गोळी किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस दिली जाते. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आशाताईंनी घरी आणून दिलेली हीच गोळी अनेकदा डब्यात पडून राहते. तिच्यामागे विल्स यांच्यापासून सुरू झालेला अनेक दशकांचा पुरावा आहे. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व ‘ड’ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्व गर्भवतींना ते सरसकट देण्याची शिफारस नाही. कमतरतेची शंका असल्यास दररोज २०० युनिट देता येते, असे त्यात म्हटले आहे. भारतात डॉक्टर रक्तातील पातळी आणि लक्षणे पाहून मात्रा ठरवतात. औषधाच्या दुकानात मिळणारी ६० हजार युनिटची पुडी किंवा गोळी मनाने घेत राहू नये. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

तिसरी गोष्ट अहवाल वाचण्याची. ‘ड’ कमी आहे म्हणून गर्भपात होईल, या भीतीने झोप उडवण्याचे कारण नाही. तसेच ‘ड’ व्यवस्थित आहे म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी टाळणेही चुकीचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. विल्स मुंबईत आल्या त्याला शतक होत आले, तरी निम्म्याहून अधिक गर्भवतींचे रक्त कमीच आहे.

चौथी गोष्ट ताटाची. ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी सोलापूरच्या घराघरांत असते. त्यासोबत मेथी, पालक, चुका, राजगिरा यांपैकी एखादी भाजी आणि मूग, हरभरा, तूर यांपैकी एखादी डाळ रोज असावी. भाजी फार वेळ उकळून पाणी फेकून दिले, तर फोलेटही त्यासोबत जाते. भाजी धुऊन मग चिरावी आणि झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवावी. खाणारे आता कोणी ताटात भाजी वाढताना गर्भवतीचा वाटा शेवटचा ठेवत असेल, तर तो पहिला करावा. मुंबईच्या पाहणीत ज्या स्त्रियांच्या ताटात भाज्या, फळे आणि प्रथिने सर्वांत कमी होती, त्यांच्यातच हा रक्तक्षय जास्त आढळला होता.